नायगाव बीडीडी : पावती वडिलांच्या नावावर, आता आईही गेली. खोली माझ्या नावावर कशी होईल?

नमस्कार. थोडं लांबलचक होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

आम्ही मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत, म्हणजे सरकारच्या जुन्या चाळीत राहतो. तिसरा मजला, १६० चौरस फुटांची खोली. भाडेपावती वडिलांच्या नावावर. आप्पा २०११ मध्ये गेले. तेव्हा आईने खोली स्वतःच्या नावावर करून घेतली नाही. भाडं वेळेवर भरत होतो, पावती मिळत होती, कुणी काही विचारत नव्हतं. राहूनच गेलं. यंदा माघात आईही गेली.

मी ४६ वर्षांची, लग्न केलेलं नाही. जन्मापासून याच खोलीत. आईला शेवटची चार वर्षं पार्किन्सन होता. संडास व्हरांड्याच्या टोकाला, रात्री दोन-तीनदा तिला धरून न्यायला लागायचं. तू इथे राहत होतीस कशावरून, असं उद्या कुणी विचारलं तर काय दाखवू, हे कळत नाही म्हणून एवढं लिहिलं.

दादा १९९८ साली लग्नानंतर बदलापूरला गेला. तिथे त्याचा स्वतःचा फ्लॅट आहे. रेशनकार्डावरून त्याचं नाव तेव्हाच कमी केलं. दादा वाईट नाही, आईच्या औषधांना त्याने कधी हात आखडता घेतला नाही. तेराव्यानंतर तो एवढंच म्हणाला, "पुनर्विकासात ५०० फुटांचं घर मिळणार आहे, तर दोघांची नावं लाव." त्याचंही मला कळतं. आप्पा त्याचेही वडील होते. पण २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळी बीडीडीच्या ५५६ कुटुंबांना नवीन घरांच्या चाव्या मिळाल्यापासून सगळ्यांच्या बोलण्यात नवीन घराची किंमतच असते. उद्या ते विकायचं ठरलं तर मी जाऊ कुठे?

आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्या पावत्या तारेत ओवलेल्या सापडल्या. अगदी खालच्या १९७४ च्या आहेत. तार गंजून भोकांभोवती तांबडे डाग पडलेत. आप्पा गेल्यानंतरच्या पावत्यांच्या पाठीवर आईने पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "बेबीने भरले". बेबी म्हणजे मी. आजार वाढला तसं तिचं अक्षर बारीक होत गेलंय, शेवटची काही तर वाचताच येत नाहीत.

आता विचारायचंय ते असं. शेजारचे काका म्हणतात, भाडे कायद्यात सोबत राहणाऱ्यालाच खोली मिळते, भावाचा संबंधच नाही. हे खरं का? आईने दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून खोली मला दिली आहे, त्याचा उपयोग होईल का? आणि एका वकिलांनी सक्सेशन सर्टिफिकेट काढायला सांगितलंय, ते काढू का?

प्रतिसाद १

बेबीताई, आईबद्दल वाचून वाईट वाटलं. मी वरळी बीडीडीतला. वडिलांनंतर खोली नावावर करताना मीही हे सगळं केलंय.

काकांचा सल्ला लालबाग-गिरगावातल्या खासगी चाळींना लागू आहे. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ७(१५)मध्ये भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरू मानतात. तसं कुणीच नसेल तर मग वारस. पण त्याच कायद्याचं कलम ३ सरकारी मालकीच्या जागा वगळतं. आपल्या चाळी १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या, मालक आजही सरकारच. त्यामुळे आपलं हस्तांतरण शासनाच्या नियमांनी होतं. काकांच्या भरवशावर दादाला "तुझा संबंध नाही" असं तोडून बोलू नका.

मृत्युपत्राचं म्हणाल, तर खोली आईच्या मालकीची नव्हती आणि पावतीवरही तिचं नाव नव्हतं, मग ती देणार कशी? खासगी भाडेकरूसुद्धा मृत्युपत्राने भाडेहक्क देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटलंय. पण ते फाडू नका. आईच्या मनात काय होतं ते त्यात लिहिलंय, आणि दादाला ते वाचून दाखवायला हवं.

सक्सेशन सर्टिफिकेट बँकेतले पैसे, शेअर यांसारख्या येण्यांसाठी असतं. खोली नावावर करताना सरकारी कार्यालय मागेल ते वारसाचं प्रमाणपत्र, १८२७ च्या रेग्युलेशनखाली कोर्टातून मिळणारं. दोन्हींत गल्लत होते आणि माणसाचं वर्ष फुकट जातं. म्हणून नेमका कुठला कागद हवा ते आधी लेखी विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जो काही अर्ज द्याल, त्याच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

वारसांमध्ये दादाचं नाव लिहावंच लागेल, लपवलं तर पुढे तेच अंगाशी येतं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगा-मुलगी सारखेच. म्हणून सगळी भिस्त त्याच्या ना-हरकत प्रतिज्ञापत्रावर आहे. राहण्याच्या पुराव्यासाठी जुन्या मतदारयाद्या, शाळा सोडल्याचा दाखला, गॅसचं पुस्तक, आईचे दवाखान्याचे कागद, जे पत्त्यासकट असेल ते जमवा.

धागाकर्ती

खूप आभार. दादाला रविवारी बोलावलंय. आईचं मृत्युपत्र त्याने अजून पाहिलेलं नाही, तेच आधी त्याच्या हातात देणार आहे. प्रतिज्ञापत्रात नवीन घराचा उल्लेख हवा का? आणि पावत्या तारेतच ठेवू की काढू?

प्रतिसाद २

उल्लेख हवाच. "खोली आणि तिच्या बदल्यात मिळणारं पुनर्वसनाचं घर" असं दोन्ही स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर चावीच्या दिवशी वाद उभा राहतो. मसुदा वकिलाकडून करून घ्या. आणि दादा सही करायला तयार झाला तर त्याच्यासाठी काय करता येईल तेही त्याच दिवशी मोकळेपणाने बोला. माझ्या बहिणीशी मी ते बोललो नाही, आम्ही आजही बोलत नाही.

पावत्या ओढून काढू नका, गंजलेलं भोक फाटतं. आधी पक्कडीने तार खालून कापा, मग एकेक सोडवा. फोटो दोन्ही बाजूंचे काढा, पेन्सिलीच्या बाजूचेसुद्धा.