एकादशीचं ताट आणि 'देवाणघेवाण' हा शब्द

माजघर (धागाकर्ती):
आषाढीला घरी पंधरा माणसं होती. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याच्या पुऱ्या, दाण्याची आमटी आणि भगर. ताटं वाढून झाली आणि पुतण्या म्हणाला, "काकू, यातली भगर सोडली तर यातलं काहीच १४९२ च्या, म्हणजे कोलंबस अमेरिकेला पोचण्याच्या, आधी आपल्याकडे नव्हतं." सासूबाईंचा घास हातातच राहिला. "मग हे उपवासाला चालतं कसं?"

मी तेव्हा गप्प बसले, पण तेव्हापासून डोक्यात तेच आहे. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला, भुईमूग, बटाटा, रताळं तिकडचंच, राजगिरा मेक्सिकोकडचा, आणि आमटीतली हिरवी मिरचीही. मला वाटतं, उपवासाला वर्ज्य धान्यांची यादी आधीच ठरलेली होती आणि ही मंडळी नंतर आली, म्हणून ती आडवी आली नाहीत.

आता माझा मुद्दा. मला याची लाज वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. मिरी मलबारातून यायची, ती विकत घ्यावी लागायची. मिरची परसात चार रोपं लावली की वर्षाची सोय. आपल्या लोकांनी तिला मिरीवरूनच नाव दिलं आणि आपली करून टाकली. कुठल्या राजानं त्यासाठी हुकूम काढला नव्हता. बी पोर्तुगीज जहाजातून आलं असेल, पण रुजवलं ते इथल्या कुणब्यानं आणि त्याच्या बायकोनं. मला तरी या देवाणघेवाणीबद्दल कृतज्ञताच वाटते. ज्यांना यात फक्त गुलामी दिसते त्यांचं म्हणणं वाचायला आवडेल.

काळी माती:
ताई, तुमच्या ताटाबद्दल माझी काही तक्रार नाही. शब्दाबद्दल आहे. देवाणघेवाणीत दोन बाजू लागतात, आणि इथे देणारी बाजू मेली.

स्पॅनिश सेनानी कोर्तेस १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. पुढच्याच वर्षी तेनोच्तित्लानमध्ये, अझ्टेकांच्या राजधानीत, देवीची साथ आली. नवा राजा क्वित्लावाक गादीवर बसून तीन महिनेही झाले नव्हते, तो त्यात गेला. १५२१ मध्ये शहर पडलं. पुढच्या शंभर वर्षांत मध्य मेक्सिकोतली किती माणसं नाहीशी झाली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण दहातली आठ-नऊ असं म्हणणारे बरेच आहेत. गावंच्या गावं, ताई. राजगिरा कोणत्या पावसात पेरायचा हे ज्यांना ठाऊक होतं ती माणसं.

त्यात राजगिऱ्याची गोष्ट तर मला सहनच होत नाही. तिथले लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करायचे, पूजा करून मग ती मूर्ती मोडून सगळ्यांना वाटून खायचे. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात आपल्या प्रभुभोजनाची विटंबना दिसली आणि त्यांनी ते मोडून काढलं. आपण ज्याला उपवासाचं म्हणतो, ते कुणाच्या तरी देवघरातून उपटलेलं आहे.

तसाच आपल्याकडून गेलेला ऊस. कोलंबसनं तो १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर नेला, आणि त्या उसासाठी आफ्रिकेतून माणसं ओढून नेली. साडेतीन शतकांत सुमारे सव्वा कोटी लोक जहाजांत कोंबले गेले, त्यातले अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेले. हिशेबात हेही धरायचं की फक्त खिचडीच?

आणि राजानं हुकूम काढला नाही हे मिरचीपुरतं खरं. मी कापूसपट्ट्यातला आहे. १८४० च्या दशकात कंपनी सरकारनं धारवाडकडे अमेरिकन कापूस लावून पाहिला तो मँचेस्टरच्या गिरण्यांना लांब धागा हवा होता म्हणून, कुणब्याला हवा होता म्हणून नाही.

वैद्यकी:
काळी माती, तुमची कळकळ पोचली, पण रोगांचं एकतर्फी मांडलंय. जंतूला हेतू नसतो. कोर्तेसला देवी म्हणजे काय हे आजच्या शाळकरी पोराइतकंही कळत नव्हतं. रोग उलट दिशेनंही गेले. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात 'फिरंगरोग' म्हणून नवीन दुखणं येतं, फिरंग्यांच्या संगानं होणारं, आणि त्यावर चोपचिनी सांगितलीय. हीच आपली गरमी, म्हणजे सिफिलिस. १८१७ मध्ये बंगालातून पटकी (कॉलरा) निघाली, ती पुढच्या फेऱ्यांत युरोप-अमेरिकेपर्यंत गेली. तिथं कुणी हिंदुस्थानाला गुन्हेगार ठरवावं का?

आणि ज्या देवाच्या मूर्ती तुम्ही सांगता, त्याच्यापुढे नरबळीही जात होते. तेही लिहा.

काळी माती:
लिहितो. जात होते. पण म्हणून शेतातलं पीक बंद करायचं का?

जंतूला हेतू नसतो हे मान्य. पण माणूस देवीतून उठला की त्याला अन्नपाणी मिळतं की दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणीत पाठवतात, हे जंतू ठरवत नाही. आपलंच पाहा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग ओळखला डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी. दोन वर्षांपूर्वी तो हाँगकाँगला होता, बंदराबंदरानं आला. इथवर तुमचा जंतू. पुढच्या वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरं फोडून झडत्या घेतल्या, बायकांना रस्त्यावर उभं करून तपासलं, ते जंतूनं केलं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई गेल्या, रोग्यांची सेवा करताकरता.

वैद्यकी:
इथे मी तुमच्याबरोबर आहे. फक्त एक जोडतो. त्याच १८९७ च्या जानेवारीत हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाने मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. तीही त्याच सत्तेच्या काळात, त्याच बंदरात.

बोंडू:
गोव्यातून लिहितोय. आमच्या आजोळी, सत्तरीत, एप्रिलमध्ये घरात शिरण्याआधी वास येतो. काजूचे पिकलेले बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडीत, टाकून पायानं तुडवतात, नीरो (रस) गाळून मडक्यात आंबवतात, पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा उकळला की फेणी. २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मामा रडला होता. झाड ब्राझीलचं, तिथल्या तुपी लोकांचा शब्द 'अकाजू', त्यातूनच आपला काजू.

पण माजघरताई, कृतज्ञता कुणाबद्दल? ज्यांच्या जहाजातून काजू आला त्यांनीच १५६० मध्ये इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणलं. आमच्या गावचा देव नदीपार नेऊन ठेवला होता, दर वर्षी तिथे जातो आम्ही. काजूही आमचाच आणि ती नदीपण. काजूचं गोड बोलून त्याचं ऋण पोर्तुगालच्या खात्यावर मांडलं की मला त्रास होतो.

मॉरिशसकर:
आमच्याकडे डचांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला. १८३५ मध्ये गुलामी संपली, तेव्हा मळ्यांना माणसं हवी होती. माझ्या पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून पाच वर्षांच्या करारावर आले. परत गेले नाहीत. माझ्या घरात मराठी टिकली, गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते. तुम्ही पिकांबद्दल भांडताय. त्या पिकामागून आलेली माणसं आम्ही आहोत, एवढंच सांगायचं होतं.

माजघर:
सगळं दोनदा वाचलं. 'देवाणघेवाण' शब्द मी मागे घेते. कृतज्ञता मात्र घेत नाही, तिचा पत्ता बदलते. मका घ्या. मेक्सिकोतल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटायच्या. युरोपनं मका उचलला आणि ही रीत तिथेच टाकली. मक्यावरच जगणाऱ्या उत्तर इटलीतल्या गरिबांना मग पेलाग्रा झाला, कातडी सोलून निघायची, डोकं फिरायचं. बी नेलं, बाईचं शहाणपण नेलं नाही. माझे आभार त्या बायकांना.

पण काळी माती, एका गोष्टीवर मी हटणार नाही. हे ताट परकं आहे असं मी नातवंडांना सांगणार नाही.

काळी माती:
सांगू नका. मीही सांगत नाही. कुठून आलं आणि काय होऊन आलं, तेवढं सांगा.

माजघर:
काल सासूबाईंना राजगिऱ्याचं सांगितलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "त्या देवाचं नाव काय होतं?"

काळी माती:
हुइत्सिलोपोच्त्ली. मूर्तीचं पीठ घायपाताच्या जातीतल्या झाडाच्या गोड रसात मळायचे.

माजघर:
सांगते त्यांना. त्या आत्ता लाडू वळतायत, गुळाच्या पाकात.