आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा): स्पीकिंगला ७ कसे मिळवायचे?

प्रश्न: मी मिरजेत आयसीयूत नर्स आहे. यूकेच्या नर्सिंग नोंदणीसाठी रायटिंगला ६.५ चालतात, बाकी तिन्हींत ७ हवेतच. वाचन, ऐकणं जमतंय. पण स्पीकिंगमध्ये क्यू कार्ड (बोलायचा विषय लिहिलेलं कार्ड) समोर आलं की दोन मिनिटं बोलायला काही सुचतच नाही. उत्तरं पाठ करू का?

उत्तर: ताई, पाठांतर अजिबात नको, परीक्षकाला लगेच कळतं. तयारीच्या त्या एका मिनिटात वाक्यं लिहीत बसू नका. नुसते शब्द टिपा: कोण, कुठे, मग काय झालं. ड्युटी बदलताना हँडओव्हर देता ना, तसं सलग सांगा. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकाच.

प्रश्नकर्ती: हँडओव्हर तर इंग्रजीतच देते! आज रात्रीच करून बघते.

दुसरं उत्तर: ब्रिटिश उच्चारांच्या मागे लागू नका, स्पष्ट बोला. आणि रायटिंगमध्ये टास्क २ ला (निबंधाला) टास्क १ च्या दुप्पट वजन असतं, ४० मिनिटं त्याला राखून ठेवा.