ड्रायव्हर उजवीकडे, आयर्न डावीकडे: क्लब बदलू की काय बदलू?

सोमेश्वर_स्लाइस:
गोल्फ उजव्या हाताने खेळतो. सेट सेकंडहँड घेतलेला आहे. ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) ९ डिग्री लॉफ्टचा, म्हणजे हेडच्या पुढच्या बाजूचा मागे कल तेवढा, शाफ्ट (दांडी) स्टिफ, ६५ ग्रॅम, लांबी पाऊण इंच कमी ४६ भरते, म्हणजे ४५.२५. मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) हेडस्पीड ताशी ८८ ते ९० मैल, बॉलस्पीड १२२, कॅरी (बॉल हवेत कापतो ते अंतर) जेमतेम १७५ यार्ड, आणि बॉल शेवटी ३० यार्ड उजवीकडे वळतो, म्हणजे स्लाइस. गंमत म्हणजे सात नंबर आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) नेमकं उलट वागतं: बॉल डावीकडे हुक होतो. आयर्नच्या ग्रिप घासून गुळगुळीत झाल्या आहेत. दुकानदार म्हणतो ड्रॉ-बायस (बॉल डावीकडे वळवायला मदत करणारा) ड्रायव्हर घ्या, प्रश्न मिटेल. नवीन ड्रायव्हरवर खर्च करावा का? शाफ्ट बदलावा का? लाय अँगलचं (शाफ्ट जमिनीशी करतो त्या कोनाचं) काय?

पंचवटीपार:
खर्च थांबवा आणि आधी दोन गोष्टी बघा: बॉल फेसवर (हेडच्या मारायच्या बाजूवर) कुठे लागतोय, आणि निघतोय कुठल्या दिशेने.

पहिल्यासाठी व्हाइटबोर्डचा मार्कर पुरतो. बॉलवर रुपयाएवढा ठिपका काढा, तो भाग फेसकडे येईल असा टीवर (बॉल ठेवायच्या खुंटीवर) ठेवा आणि मारा. फेसवर छाप उमटतो. दर वेळी कोरड्या फडक्याने पुसा. आठ-दहा फटक्यांत चित्र स्पष्ट होतं. तुमचे आकडेच सांगतात की छाप मध्यावर नसणार. बॉलस्पीड १२२ ला हेडस्पीड ९० ने भागलं तर १.३६ येतं, मधोमध लागला असता तर १.४५च्या पुढे गेला असता, म्हणजे बॉलस्पीड १३० आणि कॅरी साधारण १५ यार्ड जास्त. हे यार्ड नवीन क्लबमध्ये नाहीत, फेसच्या मध्यावर आहेत.

छाप हीलकडे (फेसच्या शाफ्टजवळच्या टोकाकडे) असेल तर स्लाइसचा एक हिस्सा तिथूनच येतोय. हीलला आदळलं की हेड फिरतं आणि बॉलला उलटा, म्हणजे फेडचा (उजवीकडे वळवणारा) स्पिन मिळतो. टो-कडे, म्हणजे शाफ्टपासून लांबच्या टोकाला, लागलं की ड्रॉचा (डावीकडे वळवणारा). त्यामुळे तोच स्विंग, तोच फेस, फक्त छाप हीलकडून मध्यावर आणला तरी वळण कमी होतं.

दुसऱ्यासाठी टार्गेट रेषेवर तीन-चार मीटर पुढे छत्री रोवा. बॉल छत्रीच्या डावीकडून निघून उजवीकडे वळत असेल तर पाथ (हेडचा मार्ग) बाहेरून आत येतोय. उजवीकडूनच निघून आणखी उजवीकडे जात असेल तर फेस उघडा आहे. ड्रायव्हरचा बॉल निघतो तो बहुतांशी फेसच्या दिशेने, वळतो तो फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. ड्रॉ-बायस किंवा बंद फेसचा क्लब उघड्या फेसच्या दुखण्यावर चांगला चालतो. बाहेरून आत येणाऱ्या पाथवर तो स्लाइस काढतो खरा, पण बॉल सरळ डावीकडच्या झाडांत जातो. दुकानदार हे सांगणार नाही.

टी_ते_ग्रीन:
पंचवटीपार यांच्याशी सहमत, पण ९० मैलांना ९ डिग्री हा चुकीचाच क्लब आहे, त्यावर वेळ घालवू नका. १०.५ किंवा १२ हवा. लॉफ्ट वाढला की बॅकस्पिनचा वाटा वाढतो, स्पिनचा आस कमी कलतो आणि तोच चुकीचा फेस कमी वळण देतो. म्हणूनच तुमच्या वेजला (जवळच्या फटक्याच्या, जास्त लॉफ्टच्या क्लबला) स्लाइस होत नाही.

हेडला फिरवायची स्लीव्ह (हेड आणि शाफ्ट यांच्यातला जोड) असेल तर आधी तीच वापरा. इथे एक मेख आहे. स्लीव्ह फिरवल्यावर क्लब जमिनीवर टेकवून जसा बसेल तसाच मारला, तर फेस बंद होतो. टेकवताना तुम्ही फेस हाताने टार्गेटकडे सरळ केला, तर लॉफ्ट वाढतो. दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत. पाना कंपनीचाच वापरा, टक आवाज आला की थांबा, त्यापुढे जोर लावला तर स्क्रू जातो. आणि हे सगळं राउंडच्या आधी, राउंड सुरू असताना बदल करणं नियमात बसत नाही.

सरकवायचं वजन असेल तर हीलकडे न्या. फरक पडतो, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. ३० यार्डांपैकी आठ-दहा गेले तरी बरंच.

देवळाली_कॅम्प:
लांबीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ४५.२५ ही काही फार नाही, पण हीलला लागत असेल तर तीही जास्तच. क्लब कापण्याआधी ग्रिपवर एक इंच खाली पकडून वीस बॉल मारा आणि छाप बघा. छाप मध्यावर जमायला लागला तरच कापा. कापायचं ते ग्रिपच्या टोकाकडून. टिपकडून (हेडच्या बाजूने) कापलं तर शाफ्ट बराच कडक होतो.

कापल्यावर हेड हलकं वाटतं. अर्ध्या इंचाला स्विंगवेट (हातात जाणवणारं हेडचं वजन) साधारण तीन पॉइंट उतरतं, आणि हेडवर २ ग्रॅम चढवले की एक पॉइंट परत येतो. एक इंच कापलंत तर पूर्ण १२ ग्रॅम भरायची गरज नसते. ६ ग्रॅम लेड टेप (शिशाची चिकटपट्टी) हीलच्या मागे लावून बघा, मग वाढवा.

शाफ्टचा दोष मात्र लोक फुगवून सांगतात. खूप कडक शाफ्टने बॉल थोडा खाली आणि उजवीकडे, खूप मऊने वर आणि डावीकडे जातो, एवढंच. ३० यार्डांचं वळण शाफ्टचं नसतं. शिवाय एका कंपनीचा स्टिफ दुसऱ्याचा रेग्युलर असतो, त्याला सर्वमान्य मोजमाप नाही. तुमच्या वेगाला ५५ ग्रॅमचा रेग्युलर घेऊन बघायला हरकत नाही, पण तो शेवटी.

पंचवटीपार:
आता आयर्न. लायचा हिशोब करून बघा. सात नंबरचा लॉफ्ट ३४ धरला तर २ डिग्री जास्त अपराइट (उभ्या) लायने फेस १.३ डिग्रीच डावीकडे बघतो, म्हणजे १४० यार्डांवर तीन-साडेतीन यार्ड. मोठा हुक यातून येत नाही. ड्रायव्हरला तर लॉफ्टच इतका कमी की लाय बदलून जवळपास काहीच होत नाही. तरी तपासायचं असेल तर बॉलच्या मागे मार्करने उभी रेघ काढा, फेसवर उमटलेली रेघ वर टो-कडे झुकली तर क्लब अपराइट, हीलकडे झुकली तर फ्लॅट (आडवा). वाकवायचे असतील तर फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) क्लब निमूट वाकतात. कास्ट (ओतीव) स्टेनलेस कडक असतो, मोडू शकतो. तो जाणकाराकडेच द्या.

मला संशय ग्रिपचा आहे. घासून बारीक झालेली ग्रिप म्हणजे हात आपोआप घट्ट आवळतात आणि बोटं फेस बंद करतात. त्यात ड्रायव्हरच्या स्लाइसच्या धास्तीने मनगट वळवायची सवय लागली असेल तर आयर्नला हुक ठरलेला.

सोमेश्वर_स्लाइस:
आभार. ग्रिप घरी बदलता येते का? किती जाड घ्यावी?

देवळाली_कॅम्प:
येते. हूक ब्लेडने जुनी ग्रिप तुमच्यापासून दूर अशी लांबीला चिरून काढा, जुनी टेप खरवडा. डबल-साइड टेप लावा, वर अर्धा इंच मोकळी ठेवून ती शाफ्टच्या तोंडात दुमडा. ग्रिपचं भोक बोटाने बंद करून आत मिनरल टर्पेंटाइन ओता, हलवा, तेच टेपवर ओता आणि एका दमात चढवा. मध्येच थांबलात तर अडकते. नाशिकच्या मेन रोडवरच्या कोणत्याही हार्डवेअरमध्ये टर्पेंटाइन मिळेल. पेट्रोल वापरू नका. रात्रभर तसंच राहू द्या.

जाडीसाठी डाव्या हाताने पकडा. मधली दोन बोटं तळव्याला हलकीच टेकली पाहिजेत. रुतली तर बारीक, फट राहिली तर जाड. टेपचा एक वाढीव फेर १/६४ इंच देतो. हुक आहे म्हणून एकदम मिडसाइज (तयार जाड ग्रिप) लावू नका, आधी दोन फेर. जाड ग्रिप हात अडवते, आणि तीच जर ड्रायव्हरवर चढवलीत तर स्लाइस आणखी वाढेल.

टी_ते_ग्रीन:
एक अवांतर. मुंबईत मोजलेले यार्ड आणि इथले जुळवत बसू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, हवा विरळ, म्हणून दोन टक्के जास्त मिळतात. उलट जानेवारीच्या पहाटे थंडीत मे महिन्याच्या दुपारपेक्षा ड्रायव्हर सहज आठ-दहा यार्ड मागे पडतो. बदल केल्यावर तुलना करायची तर एकाच दिवशी, एकाच जातीच्या बॉलने. रेंजचे (सरावाच्या मैदानाचे) झिजलेले बॉल तर कमीच जातात. (आणि नवख्यांसाठी: "गोल्फ क्लबवर जातो" म्हणालात तर नाशिककर तुम्हाला अनंत कान्हेरे मैदानावर शोधतील, कारण इथे त्या मैदानालाच गोल्फ क्लब म्हणतात.)

सोमेश्वर_स्लाइस:
छाप बघितला. दहापैकी सात हीलकडे, आणि बॉल छत्रीच्या डावीकडून निघतो.

पंचवटीपार:
मग ड्रॉ-बायस नको. एक इंच खाली पकडा, लॉफ्ट वाढवा, टी अशी ठेवा की अर्धा बॉल क्राउनच्या (हेडच्या वरच्या भागाच्या) वर दिसेल. बॉल डाव्या टाचेच्या रेषेत आहे ना ते बघा. फार पुढे गेला की बॉलपर्यंत पोचेस्तोवर पाथ डावीकडे वळलेला असतो. हे करून महिनाभर छाप तपासत राहा, तो मध्यावर आल्याशिवाय पाकिटात हात घालू नका.