मदत हवी आहे : डेबियन १२ टाकलं, वाय-फाय काही दिसेना

राम राम मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय. जुना लॅपटॉप घेतला, त्यावर डेबियन १२ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं. वाय-फायचं नावच नाही. एलएसपीसीआय (आतलं हार्डवेअर दाखवणारी कमांड) मारून पाहिलं तर वाय-फाय चिप निघाली ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, आयडी १४ई४:४३६५. डेबियन १२ च्या इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर (चिप चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) आता सोबतच येतं, म्हणून निश्चिंत होतो; पण या चिपचा डब्ल्यूएल ड्रायव्हर नॉन-फ्रीमधून (मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरच्या भांडारातून) वेगळा घ्यावा लागतो.

लॅन केबल नाही. मोबाइलला गच्चीवर टाकीजवळच रेंज, म्हणून तिथंच लॅपटॉप नेऊन यूएसबी टेदरिंग केलं. कर्नल हेडर्स आणि ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस (आपल्या कर्नलसाठी हा ड्रायव्हर बनवणारं पॅकेज) उतरवलं, ड्रायव्हरचं मॉड्यूल बनलंही. ते चालू करायला मोडप्रोब डब्ल्यूएल केलं की 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. म्हणजे सिक्युअर बूट (ओळखीच्या कीची सही नसलेला ड्रायव्हर रोखणारी सोय) आडवं आलं. ते बंद करावं तर बायोसला आधीच्या मालकाचा पासवर्ड, आणि विकणारा भाऊ आता फोन उचलत नाही!

मग मोकयुटिल कमांडने डीकेएमएसची मोक डॉट पब (ड्रायव्हरवरची सही ओळखायला लागणारी की) इम्पोर्ट केली, पासवर्ड दिला, रीबूट केलं. ती की मंजूर करायची निळी स्क्रीन आली, दहापासून उलटे आकडे सुरू झाले आणि नेमकी लाइन गेली. बॅटरी मेलेलीच आहे. आता ती स्क्रीन येतच नाही.

इम्पोर्ट पुन्हा करावं लागेल का? आणि ती की एन्रोल (मंजूर) करताना बायोसचा पासवर्ड मागतो का? कोणी केलं असेल तर सांगा भाऊ, दरवेळी गच्ची चढून गुडघे गेले.