आधी रीपर टाकून बघा
संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमधे एफएल स्टुडिओ घेऊ की एबलटन विचारताय, पण ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप म्हणताय तर मी म्हणेन आधी रीपर हे तसलंच तिसरं सॉफ्टवेअर टाकून बघा, ६० दिवस सगळं उघडं असतं आणि आवडलं तर घरगुती लायसन ६० डॉलर. एफएलच्या ट्रायलमधे सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडता येत नाही हे लक्षात ठेवा. मी दहा मात्रांच्या झपतालाला टाइम सिग्नेचर (एका आवर्तनात किती ठोके ते) १०/४ करतो, क्लिक (मेट्रोनोम) बरोब्बर समेवर ठोका देतो (तबलजी मित्र हसतो, हसू दे). आणि हो, कीबोर्डची पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर सॉफ्टवेअर बदलत बसू नका, विंडोज असेल तर असिओ ड्रायव्हर (सॉफ्टवेअरला साउंड कार्डशी थेट जोडणारा) टाका, बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवला जाणारा आवाजाचा तुकडा) २५६ सॅम्पल करा, ४४.१ किलोहर्ट्झला बफरचे जेमतेम ६ मिलिसेकंद होतात. तडतड यायला लागली तर ५१२.