अनुभव धागा : मुलींच्या हाती अवजार कोणी दिले?

कृष्णाकाठ (सांगली)
काल सीईटीचा निकाल घेऊन आलेल्या भाचीने दबक्या आवाजात विचारले, "मावशी, मेकॅनिकल घेऊ का?" आणि मला १९९४ सालचे आमचे वर्कशॉप आठवले. साठ जणांत आम्ही मुली दोघीच होतो. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा होता; सरांनी माझ्या हातातली कानस काढून शेजारच्या मुलाला दिली आणि "तू जर्नल नीट लिही, बाळ" असे अगदी मायेने सांगितले. त्या मायेपायी माझे एक सत्र वाया गेले. पुढे वर्कशॉपमधल्या एका मामांनी जेवणाच्या सुट्टीत मला शेगड्यात (तुकडा घट्ट पकडणाऱ्या बाकावरच्या पकडीत) तुकडा आवळायला आणि कानस पुढे जातानाच दाब द्यायला शिकवले. गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून तुकडा खिडकीकडे धरला आणि फटीतून उजेड दिसला नाही, तो दिवस मी विसरलेले नाही. आपलेही अनुभव लिहावेत.

कराडची लेक
माझ्या घरी शाखेला नव्हे, खर्चाला विरोध होता. भावाची फी आधी भरली गेली आणि माझे वर्ष गेले. म्हणून आवर्जून सांगते, की आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅप फेरीतूनच (शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून) हवा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. खानावळीचा खर्च वेगळा धरावा.

शेडवाले काका (कुपवाड)
ताई, मी चूक कबूल करतो. सहा वर्षांपूर्वी डिप्लोमा झालेल्या एका मुलीला मी "जागा नाही" म्हणून परत पाठवले. खरे कारण म्हणजे माझ्या शेडमध्ये स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हते. ते बांधायला बारा दिवस लागले. आज दोघी जणी व्हीएमसी (संगणकावर चालणारे धातूकामाचे यंत्र) चालवतात, आणि मायक्रोमीटरचे माप त्यांनी सांगितले की मी पुन्हा मोजत नाही.

माणदेशी आई (आटपाडी)
काका, त्या पहिल्या मुलीला पुन्हा बोलावलेत का? माझी मुलगी यंदा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून विचारते.

शेडवाले काका
बोलावले होते; तोवर तिला पुण्यात नोकरी लागली होती. आपल्या मुलीला परीक्षा झाल्यावर अवश्य पाठवा. आधी आपण स्वतः येऊन शेड पाहून जा.