मुलांच्या पुस्तकातली आफ्रिका : पाठीवरचं बाळ पुरे, की लागोसचा ट्रॅफिकही हवा?

गोष्टवाली : मुलांना आफ्रिका दाखवायची म्हटली की आपण थेट सिंह-जिराफांवर जातो. माणसं कुठायत? नायजेरियात जन्मलेल्या अतिनुके या लेखिकेचं 'बेबी गोज टू मार्केट' (2017) हे चित्रपुस्तक बघा. आईच्या पाठीला बांधलेलं बाळ बाजारभर फिरतंय. केळीवाली 6 केळी देते, संत्रीवाला 5 संत्री. बाळ एक खातं, बाकीची आईच्या डोक्यावरच्या टोपलीत. आईला पत्ताच नाही. शेवटी तिला वाटतं, लेकरू उपाशी राहिलं! अख्खा बाजार मूल सांभाळतो, हे न सांगता कळतं.

खडूस_काका : पुस्तक गोड आहे, वाद नाही. पण परत बाजार, परत टोपली. 1994 च्या 'हांडाज सरप्राइज'मध्येही तेच. केनियातली लुओ जमातीची मुलगी, डोक्यावर फळं, वाटेत माकड नि शहामृग. लेखिका ब्रिटिश. नायजेरियातल्या लागोस शहरात फ्लॅटमध्ये राहणारं, ट्रॅफिकमुळे शाळेला उशीर होणारं पोर कुठल्या पानावर आहे? आणि अतिनुकेबाई राहतात वेल्सला, प्रकाशक लंडनचा.

गोष्टवाली : राहीनात का! न्यूजर्सीतल्या कुणी आजोळच्या वाड्यावर लिहिलं तर आपण पासपोर्ट मागतो का? शहर हवंय ना, मग त्यांचीच 'अ‍ॅना हिबिस्कस' ही छोट्या मुलीच्या गोष्टींची मालिका वाचा. आजी-आजोबा, काका-काकू, चुलत भावंडं एकाच जुन्या पांढऱ्या घरात, आणि फाटकाबाहेर पूल, गगनचुंबी इमारती, झोपडपट्ट्या.

खडूस_काका : आणि देश कुठला? नुसतं 'आफ्रिका'. पन्नासहून जास्त देशांचं एकच गाठोडं.

धाकटी_सून : देशाचं सोडा, माझं भांडण त्या एकत्र कुटुंबाशी आहे. अ‍ॅनाची आई कॅनडाची. तिला सुट्टीत जरा शांतता हवी असते. समुद्रकिनारी जातात, तर पोरं एकटीला आवरेनात म्हणून एकेक करत सगळ्या गोतावळ्याला बोलावणं! वाचायला छान वाटतं हो. त्या घरात रोज वीस माणसांचं कोण रांधतं, तेही एखाद्या चित्रात येऊ द्या की.

गोष्टवाली : हा मुद्दा मान्य. काकांचा नाही. काका, 'आफ्रिकन स्टोरीबुक' नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या उपक्रमाच्या गोष्टी 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीतही आहेत, फुकट. तिथे लंडनचा प्रकाशक नाही.

खडूस_काका : वाचतो. पण सुरुवात 'आफ्रिकेतल्या एका गावात' अशी निघाली, तर परत इथेच भांडायला येईन.